मधमाश्यांची हिवाळी बेगमी

कॅनडातील अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या तीन प्रांतांतील विस्तीर्ण मैदाने मधाच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहेत. जून-जुलैमध्ये तेथे दिवस सोळा तासांपर्यंत लांबतो. कॅनोला या मोहरीच्या कुळातील तेलबियांची पिवळी शेते क्षितिजापर्यंत पसरतात, लसूणघास आणि क्लोव्हर बहरतात आणि मधमाश्यांना क्षणाची उसंत मिळत नाही. मात्र हे वैभव जेमतेम दोन-तीन महिन्यांचे असते. सप्टेंबरात दहिवर गोठू लागते, ऑक्टोबरात उरलीसुरली फुलेही करपतात. त्यानंतर एप्रिलमध्ये विलोच्या झाडांवर पहिला पराग दिसेपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा महिने, मधमाश्यांना बाहेरून अन्नाचा कणही मिळत नाही. या काळात पारा अनेकदा उणे ३० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो.

अशा थंडीत लाकडाच्या एका साध्या पेटीत हजारो माश्या जिवंत कशा राहतात, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर मधपाळांच्या अनेक पिढ्यांनी अनुभवातून शोधले आणि शास्त्रज्ञांनी नंतर त्याला दुजोरा दिला. निरोगी, भरपूर संख्येची आणि पुरेसा साठा असलेली वसाहत कडाक्याच्या थंडीलाही पुरून उरते. थंडी हे बहुधा निमित्त असते; माश्या मरतात त्या उपासमारीने, रोगाने किंवा ओलीने. म्हणूनच थंड प्रदेशातील मधपालनाचे खरे कौशल्य उन्हाळ्यात किती मध काढला यात नसून हिवाळ्यासाठी किती ठेवला आणि काढलेल्याची भरपाई केव्हा व कशी केली, यात आहे.

उबेची सामुदायिक व्यवस्था

गांधीलमाश्यांची वसाहत थंडी सुरू होताच संपुष्टात येते. फलित झालेल्या तरुण राण्या तेवढ्या एखाद्या सांदीकोपऱ्यात निपचित पडून हिवाळा काढतात. मधमाश्यांचे तसे नाही. त्या हिवाळाभर झोपत नाहीत. राणीसह सगळे कुटुंब जागे राहते आणि स्वतःची ऊब स्वतः निर्माण करते.

बाहेरचे तापमान १४ अंशांच्या आसपास उतरले की, माश्या पोळ्यांच्या मधल्या फटींत एकमेकींना बिलगून गोळा करू लागतात. या गोळ्याच्या बाहेरच्या थरातील माश्या डोके आत करून दाटीवाटीने बसतात आणि जणू जिवंत गोधडीचे काम करतात. आतल्या माश्या उड्डाणाचे स्नायू कंप पावत ठेवतात. मात्र पंख स्नायूंपासून सुटे ठेवलेले असल्याने ते हलत नाहीत. स्नायूंच्या या कंपनातून उष्णता निर्माण होते. बाहेर पाणी गोठत असतानाही गोळ्याच्या गाभ्यात २० अंशांहून अधिक तापमान राखले जाते, आणि पिल्ले वाढवायची असतील तर ते ३४-३५ अंशांवर नेले जाते. बाहेरच्या थरात मात्र ते १० अंशांच्या आसपास असते. त्याखाली माशी गारठून हालचाल करेनाशी होते. थंडी वाढली की गोळा आक्रसतो, कमी झाली की सैलावतो. माश्या पेटी तापवत नाहीत, त्या फक्त आपला गोळा तापवतात, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. पेटीच्या कोपऱ्यातील तापमान बाहेरच्याइतकेच खाली गेलेले असू शकते.

या सगळ्या खटाटोपासाठी लागणारे इंधन म्हणजे मध. शंभर ग्रॅम मधातून सुमारे ३०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. फुलांचा पातळ मकरंद आटवून त्यातील पाण्याचे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आणण्याची आणि तो मेणाच्या झाकणाखाली बंद करण्याची माश्यांची सारी धडपड या सहा महिन्यांसाठीच असते. माणूस ज्याला पौष्टिक गोड पदार्थ समजतो, तो माश्यांच्या दृष्टीने हिवाळ्याचा लाकूडफाटा आहे.

हिवाळ्यातील माश्याही वेगळ्या असतात. उन्हाळ्यातील कामकरी माशी पाच-सहा आठवड्यांत झिजून मरते. शरद ऋतूत जन्मणारी माशी मात्र चार ते सहा महिने जगते. तिच्या शरीरातील मेदपिंड पुष्ट असतो आणि त्यात प्रथिनांचा साठा असतो. वसंतात पहिली पिल्ले याच साठ्याच्या आधारावर वाढवली जातात. थोडक्यात, वसाहतीची बेगमी दोन ठिकाणी असते. साखर पोळ्यात साठवली जाते आणि प्रथिने माश्यांच्या अंगात.

किती मध पुरेसा?

अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत आणि कॅनडात एका वसाहतीला हिवाळ्यासाठी साधारण २७ ते ४० किलो मध लागतो, असे मानले जाते. दक्षिणेकडे हे प्रमाण कमी होते. जातिवंत राणी, माश्यांची संख्या, वाऱ्यापासून मिळणारा आडोसा आणि हिवाळ्याची लांबी यांवर नेमका आकडा अवलंबून असतो. प्रमाणित मापाची मोठी चौकट दोन्ही बाजूंनी मधाने भरली तर तिच्यात अडीच ते तीन किलो मध मावतो. म्हणजे दहा-बारा भरगच्च चौकटी हा एका कुटुंबाचा शिधा झाला.

अनुभवी मधपाळ यासाठी पेटी उघडतही नाहीत. पेटीची मागची बाजू हाताने किंचित उचलून पाहिली की, वजनाचा अंदाज येतो. जमिनीला खिळल्यासारखी वाटणारी पेटी निर्धास्त, आणि सहज उचलली गेली तर चिंतेची. मोठे व्यावसायिक त्याऐवजी काटा वापरतात आणि ठरावीक वजन भरेपर्यंत प्रत्येक पेटीला अन्न देतात.

केवळ वजन पुरेसे असून भागत नाही, साठा योग्य जागी असावा लागतो. माश्यांचा गोळा शरदाच्या अखेरीस पेटीच्या खालच्या भागात असतो आणि हिवाळाभर मध खात हळूहळू वर सरकतो. म्हणून मधाने भरलेल्या चौकटी गोळ्याच्या वर आणि बाजूंना लगत असाव्या लागतात. कडाक्याच्या थंडीत गोळ्याला आडवे सरकता येत नाही. त्यामुळे चार बोटांवर मधाने भरलेली चौकट असताना सगळी वसाहत उपाशी मरण्याचे प्रकार घडतात. अशी पेटी वसंतात उघडली की दिसणारे दृश्य मधपाळाला बरोबर ओळखता येते. शेकडो माश्या रिकाम्या कोठड्यांत डोके खुपसून मेलेल्या असतात, नुसती पोटे बाहेर दिसतात. शेवटचा थेंब शोधताना त्या गेलेल्या असतात. माश्या आपल्या पोटातील अन्न एकमेकींना वाटून खातात. त्यामुळे उपासमार आली की ती एकेकीला गाठत नाही. सगळे कुटुंब जवळजवळ एकाच वेळी संपते.

गंधकाच्या धुरापासून १९८७ पर्यंत

हिवाळ्यात माश्यांना जगवणे हे नेहमीच मधपाळाचे कर्तव्य समजले जात होते, असे नाही. युरोपात शतकानुशतके माश्या वेताच्या किंवा गवताच्या विणलेल्या घुमटाकार टोपल्यांत ठेवल्या जात. या टोपलीतील पोळे सुटे करता येत नसे. त्यामुळे मध काढायचा म्हणजे वसाहत नष्ट करायची, हाच सरधोपट मार्ग होता. शरदात टोपल्या उचलून पाहिल्या जात. सर्वांत जड टोपल्यांत मध अधिक, म्हणून त्या निवडल्या जात. सर्वांत हलक्या टोपल्यांतील माश्या हिवाळा काढणार नाहीत हे उघडच असे, म्हणून त्याही निवडल्या जात. खड्ड्यात गंधक पेटवून त्यावर टोपली ठेवली की, थोड्याच वेळात आतील माश्या मरत. मधल्या वजनाच्या टोपल्या तेवढ्या पुढच्या वर्षासाठी राखल्या जात.

१८५१ साली अमेरिकेतील लॉरेंझो लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाने चौकटींभोवती विशिष्ट अंतराची मोकळी जागा ठेवली, तर माश्या तेथे मेण किंवा डिंक भरत नाहीत, या निरीक्षणाचा उपयोग करून सुट्या चौकटींची पेटी बनवली. १८५२ मध्ये त्याला तिचे पेटंट मिळाले. या पेटीमुळे माश्यांना न मारता मध काढणे, पोळी तपासणे आणि गरजेप्रमाणे अन्न देणे शक्य झाले.

तंत्र बदलले तरी हिशेब लगेच बदलला नाही. कॅनडाच्या मैदानी प्रांतांत विसाव्या शतकातही बरीच वर्षे अनेक व्यावसायिक मधपाळ शरदात आपल्या वसाहती मारून टाकत आणि सगळा मध काढून घेत. वसंत आला की अमेरिकेच्या उबदार भागांतून, मुख्यतः कॅलिफोर्नियातून, जाळीच्या खोक्यांतून किलोच्या हिशेबाने माश्या आणि सोबत एक राणी विकत घेतली जाई. तीस-चाळीस किलो मध माश्यांसाठी राखण्यापेक्षा नव्या माश्या विकत घेणे स्वस्त पडे.

ही पद्धत मोडीत निघाली ती दयेपोटी नव्हे. श्वासनलिकेत राहणारी एक सूक्ष्म कोळीण आणि व्हरोआ हा परोपजीवी कोळी अमेरिकेतील माश्यांत आढळल्यानंतर १९८७ साली कॅनडाने तेथून येणाऱ्या माश्यांची वाट बंद केली. स्वस्त माश्यांचा पुरवठा थांबताच असलेल्या वसाहती जगवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. हिवाळ्यातील संगोपनाच्या अभ्यासाला आणि सोयींना त्यानंतर तेथे मोठी चालना मिळाली. जे पूर्वी परवडत नव्हते, ते अपरिहार्य झाल्यावर परवडू लागले.

शरदातील पाक

मधाचा दर साखरेच्या दरापेक्षा बराच अधिक असतो. म्हणून बहुतेक व्यावसायिक उन्हाळ्याचा मध काढून घेतात आणि त्याच्या जागी साखरेचा पाक देतात. यात दोन गोष्टींना महत्त्व आहे. एक पाकाचा घट्टपणा आणि दुसरी वेळ.

शरदात दोन भाग साखर आणि एक भाग पाणी, असे वजनी प्रमाण ठेवले जाते. पाणी गरम करून ते विस्तवावरून उतरवावे आणि साखर विरघळेपर्यंत ढवळावे, एवढीच कृती. प्रमाण का पाळायचे, हे साध्या हिशेबाने कळते. दहा किलो साखर आणि पाच लिटर पाणी घेतले, तर साठवणीयोग्य अन्न तयार होण्यासाठी माश्यांना सुमारे तीन लिटर पाणी उडवून लावावे लागते. तेवढ्याच साखरेत दहा लिटर पाणी घातले, तर त्यांना सुमारे आठ लिटर पाणी आटवावे लागते. शरदाच्या गार हवेत पंखांनी वारा घालून एवढे पाणी उडवणे म्हणजे साठवायच्या अन्नातलाच मोठा वाटा खर्ची घालणे होय. एकास एक प्रमाणाचा पातळ पाक वसंतात देतात. तो मकरंदासारखा असल्याने राणीला अंडी घालण्यास उत्तेजन मिळते, आणि शरदाच्या अखेरीस नेमके तेच नको असते.

माश्या पाक नुसता भरून ठेवत नाहीत. त्यातील साखरेचे आपल्या विकरांनी ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन करतात, तो आटवतात आणि मग झाकण लावतात. या कामाने माशीचे शरीर झिजते. ज्या माश्यांनी पुढचे सहा महिने जगायचे, त्यांनाच हे काम करावे लागले तर त्या हिवाळ्याआधीच म्हाताऱ्या होतात. म्हणून उन्हाळ्यातल्या शेवटच्या पिढीच्या माश्या हयात असतानाच, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात, पाक देणे उरकावे लागते. ऑक्टोबर उजाडल्यावर जागे होणाऱ्या मधपाळाची पंचाईत होते. पाक गार झाला, साधारण १० अंशांच्या खाली गेला, की माश्या त्याला तोंड लावत नाहीत. डबा भरलेला राहतो आणि पोळे रिकामे.

पाक पेटीच्या आतच, झाकणाखाली ठेवलेल्या डब्यातून किंवा चौकटीच्या आकाराच्या पसरट भांड्यातून देतात. माश्या बुडू नयेत म्हणून त्यात काटक्या, गवत किंवा तरंगती फळी टाकतात. उघड्यावर पाक ठेवला किंवा सांडला, तर बलवान वसाहती दुबळ्यांवर तुटून पडतात आणि लूटमार सुरू होते. त्यात मदत करायची ती वसाहतच नामशेष होऊ शकते. याच कारणासाठी पाक देताना दुबळ्या पेटीचे प्रवेशद्वार लहान करतात.

पाक देण्याआधी विक्रीच्या मधाच्या कोठ्या उतरवून ठेवणे, हा या व्यवसायातील प्रामाणिकपणाचा नियम आहे. कोठ्या तशाच ठेवून पाक दिला, तर माश्या तो तेथेही भरतात आणि मध म्हणून बाटलीत साखरच जाते.

काय देऊ नये

माश्यांना द्यायची साखर शुभ्र दाणेदारच असावी लागते. गूळ, काकवी, तपकिरी साखर हे पदार्थ माणसाला अधिक पौष्टिक वाटतात, हिवाळ्यातील माशीला मात्र ते घातक ठरतात. याचे कारण मजेदार आहे. निरोगी माशी पेटीत मलविसर्जन करत नाही. हवा जरा उबदार होऊन बाहेर पडता येईपर्यंत ती आठवडेच्या आठवडे थांबते. अशा एखाद्या उन्हाच्या दुपारी माश्या घाईने बाहेर पडून परततात, आणि पेटीसमोरच्या बर्फावर पिवळसर ठिपके उमटतात. गूळ किंवा काकवीतील न पचणारे क्षार आणि इतर घटक आतड्यात साठत जातात, माशीला थांबणे अशक्य होते, पोळ्यांवर घाण होते आणि रोग पसरतो.

या नियमाने मधाचीही परीक्षा होते. झाडांवरील मावा किडीच्या गोड स्रावापासून बनलेल्या गडद मधात क्षार अधिक असतात आणि त्यावर हिवाळा काढणाऱ्या माश्यांना अतिसार होतो. कॅनोलाच्या मधात ग्लुकोजचे प्रमाण अधिक असल्याने तो पोळ्यातच लवकर गोठतो. गोठलेला मध विरघळवायला पाणी लागते आणि थंडीत ते आणायला बाहेर पडता येत नाही. अशा ठिकाणी साध्या साखरेचा पाक मधापेक्षा सरस ठरतो. म्हणजे ‘नैसर्गिक ते नेहमीच हितकर’ हा समज येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

बाजारातून आणलेला किंवा दुसऱ्याच्या पेटीतील मध माश्यांना देणे तर जुगारच होय. अमेरिकन फाउलब्रूड या पिल्लांच्या प्राणघातक जिवाणूरोगाचे बीजाणू मधात दशकानुदशके टिकून राहतात. माणसाला त्यांचा त्रास होत नाही, पण एका चमच्यातून सगळी वसाहत नासू शकते. साखर करपवणे, पाक उकळत ठेवणे किंवा त्यात लिंबू, व्हिनेगर घालून तापवणे हेही टाळावे लागते. त्यातून ‘एचएमएफ’ या नावाने ओळखले जाणारे, माश्यांना विषारी असलेले रसायन तयार होते.

हिवाळ्यातील आणीबाणी

शरदात काही कारणाने साठा अपुरा राहिला आणि जानेवारीत पेटी हलकी लागली, तर काय करायचे? या वेळी पाक कुचकामी असतो. तो माश्या घेत नाहीत आणि त्यातील पाण्याने पेटीत ओल मात्र वाढते. अशा वेळी घन स्वरूपातच साखर द्यावी लागते.

त्याचे तीन प्रकार रूढ आहेत. पहिला फाँडंट, म्हणजे साखर आणि थोडे पाणी एकत्र करून बनवलेला मऊ, पांढरा गोळा. दुसरा साखरेची घट्ट वडी किंवा लाकडी चौकटीत थापलेला जाड थर. तिसरा आणि सर्वांत सोपा प्रकार म्हणजे चौकटींच्या माथ्यावर वर्तमानपत्राचा कागद पसरून त्यावर कोरडी दाणेदार साखर ओतणे. कागदाच्या कडेने माश्या वर येतात, आणि त्यांच्या श्वासातून निघालेली वाफ साखरेवर बसून ती ओलसर होते. अन्न आणि ओल शोषणारा थर, अशी दोन्ही कामे एकच साखर करते.

कोणताही प्रकार असो, ती साखर गोळ्याच्या अगदी डोक्यावर असली पाहिजे. चार बोटे बाजूला ठेवलेले अन्न नसल्यासारखेच असते. पेटी उघडायची तीही वारा नसलेल्या, त्यातल्या त्यात उबदार दुपारी, क्षणभर. चौकटी न हलवता. मात्र हा सारा तातडीचा इलाज आहे. जानेवारीत साखर द्यावी लागणे म्हणजे सप्टेंबरचा हिशेब चुकल्याची खूण समजली जाते.

ओलीचे संकट

मध जाळला की उष्णतेबरोबर पाणीही तयार होते. एक किलो मध पूर्णपणे वापरला गेला, तर त्यातील मूळचे आणि रासायनिक क्रियेतून निर्माण झालेले मिळून सुमारे ६७० ग्रॅम पाणी बाहेर पडते. तीस किलो मध खाणाऱ्या वसाहतीच्या श्वासातून हिवाळाभरात जवळजवळ २० लिटर पाणी निघते, असा याचा अर्थ. ही वाफ गार झाकणाला आतून लागून थिजते आणि थेंबाथेंबाने माश्यांच्या अंगावर पडते. कोरडी माशी उणे ३० अंशांतही तग धरते. भिजलेली माशी त्याहून कितीतरी सौम्य थंडीत मरते.

म्हणून पेटीच्या वरच्या भागात एक लहान छिद्र ठेवतात, झाकणाखाली लाकडाचा भुसा भरलेली पिशवी किंवा उष्णतारोधक पत्रा घालतात. कॅनडाच्या मैदानांत चार पेट्या एकमेकींना चिकटवून ठेवतात आणि त्यांना मिळून एकच जाड आवरण गुंडाळतात. वर साचलेला बर्फही उबेचे पांघरूण ठरतो.

दुसरी पद्धत पेट्या घरात ठेवण्याची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शेकडो-हजारो पेट्या मोठ्या गोदामात रचतात. तेथे पूर्ण अंधार ठेवतात, तापमान ४-५ अंशांच्या आसपास स्थिर राखतात आणि पंख्यांनी हवा खेळती ठेवतात. अंधारामुळे माश्या उडत नाहीत, आणि तापमान स्थिर असल्याने बाहेर ठेवलेल्या वसाहतींपेक्षा कमी अन्न खातात. एवढ्या पेट्यांतील माश्यांच्या अंगची ऊब इतकी असते की, हिवाळ्याच्या अखेरीस अशा गोदामांत ऊब देण्यापेक्षा ती बाहेर काढण्याचीच चिंता अधिक करावी लागते.

मार्चचा धोका

सर्वाधिक उपासमार ऐन थंडीत होत असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात धोक्याचा काळ असतो तो हिवाळा सरत आल्यानंतरचा. डिसेंबरात पेटीत पिल्ले जवळजवळ नसतात आणि खर्च बेताचा असतो. दिवस मोठा होऊ लागला की, बाहेर बर्फ असतानाच राणी अंडी घालू लागते. गाभ्याचे तापमान ३४-३५ अंशांवर न्यावे लागते आणि मधाचा खप एकदम वाढतो. फुले मात्र अजून काही आठवडे दूर असतात. वसाहत सगळा हिवाळा तरून जाते आणि पहिल्या फुलाच्या तोंडावर मरते, ती याच काळात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटीचे वजन पुन्हा पाहावे लागते. पुढे परागाच्या टंचाईत काही मधपाळ पराग किंवा सोया पीठ आणि साखर यांपासून बनवलेल्या पोळीसारख्या चकत्या देतात. त्या फार लवकर दिल्या, तर अन्नापेक्षा पिल्ले अधिक होऊन संकट वाढते.

अन्न असूनही

भरपूर अन्न दिले म्हणजे वसाहत वाचलीच, असेही नाही. वसंतात मधाने भरलेल्या पेटीत मूठभर मेलेल्या माश्या सापडतात, तेव्हा कारण बहुधा व्हरोआ कोळ्यात असते. मूळचा आशियाई मधमाशीवरचा हा परोपजीवी युरोपीय माशीवर पसरला आणि जगभर पोहोचला. तो माशीचा मेदपिंड खातो, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील संशोधनाने दाखवून दिले. हिवाळी माशीचे दीर्घायुष्य ज्या मेदपिंडावर अवलंबून, त्यावरच घाला पडतो. शिवाय कोळी विषाणूही पसरवतो. अशी माशी साठा समोर असताना जानेवारीतच मरते, गोळा लहान होत जातो आणि उरलेल्या माश्यांना ऊब राखता येत नाही.

२०२१-२२ च्या हिवाळ्यात कॅनडातील सुमारे ४५ टक्के वसाहती दगावल्या. मधपाळांनी त्यामागे सांगितलेल्या कारणांत व्हरोआचा क्रमांक वरचा होता. म्हणून कोळ्याचा बंदोबस्तही हिवाळी माश्या जन्माला येण्याआधी, ऑगस्टच्या सुमारास करावा लागतो. अन्न आणि आरोग्य या दोहोंचा मुहूर्त एकच, आणि तो थंडीच्या खूप आधीचा.

सह्याद्रीतला हिवाळा पावसाळ्यात

महाराष्ट्रातील मधपाळांना बर्फाशी झुंजावे लागत नाही. पण टंचाई त्यांनाही चुकलेली नाही. महाबळेश्वरच्या परिसरात जून ते सप्टेंबर या काळात इतका पाऊस कोसळतो की, सातेरी माश्यांना दिवसेंदिवस बाहेर पडता येत नाही. फुले असली तरी मकरंद धुऊन जातो. सह्याद्रीतील वसाहतींचा खरा कसोटीचा काळ हाच. थंड प्रदेशातील माशी उपासमारीत जागच्या जागी मरते, तर सातेरी बरेचदा पेटी सोडून निघून जाते. आग्या माश्या तर ऋतूनुसार स्थलांतरच करतात.

उपाय मात्र त्याच तत्त्वावर उभे आहेत. मध काढताना पिलाव्याच्या कोठीतील साठ्याला हात न लावणे, पावसाळ्यात पेटीच्या आत साखरेचा पाक देणे, पेटी कोरडी राखणे आणि दुबळ्या वसाहतींचे वेळीच एकत्रीकरण करणे. पुण्यात १९६२ पासून कार्यरत असलेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वरचे मध संचालनालय यांच्या प्रशिक्षणाने हे ज्ञान गावोगावी पोहोचवले. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. काश्मीरमध्ये थंडी खरीखुरी असते. तेथील अनेक मधपाळ माश्यांना अन्न पुरवत बसण्याऐवजी पेट्याच ट्रकमध्ये भरून राजस्थानातील मोहरीच्या शेतांकडे नेतात. अन्न माश्यांकडे नेता येत नसेल, तर माश्यांना अन्नाकडे न्यायचे, हा त्यावरचा तोडगा.

प्रदेश कोणताही असो, पावसाळ्यापूर्वी धान्य, सरपण आणि पापड-लोणच्यांची तजवीज करणाऱ्या मराठी घराला या व्यवहाराचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. बेगमी सुगीतच करावी लागते. माशी आपल्या परीने ती चोख करते. त्या साठ्यातून माणूस वाटा उचलतो, तेव्हा कमी पडलेला प्रत्येक किलो भरून देण्याची जबाबदारीही त्याच्याकडे येते. गंधकाच्या धुराच्या काळी ही जबाबदारी नाकारली जात असे. सुट्या चौकटींच्या पेटीने ती निभावणे शक्य केले. ती निभावली की नाही, हे मात्र मधाच्या बाटलीवरून कळत नाही. ते एप्रिलमध्ये, पेटीचे झाकण उघडल्यावर कळते.